हळदकुंकू लावलेल्या प्रश्नपत्रिका

सांगलीत हळदीच्या पेठा संपतात तिथं एक रद्दीचं दुकान होतं. बोर्डाच्या परीक्षा उरकल्या की तिथं पुस्तकांचे ढीग यायचे. त्या ढिगांतून दुकानदार प्रश्नपत्रिका तेवढ्या वेगळ्या काढून ठेवायचा, कारण त्यांना पुढच्या वर्षी गिऱ्हाईक असायचं. त्याच्याकडे दोन प्रकार होते. एक म्हणजे उत्तरांसकट छापलेले जाड संच. दुसरे म्हणजे परीक्षेच्या वर्गातून मुलांनी खिशात घालून बाहेर आणलेले सुटे पेपर, चार घड्या पडलेले. माझ्या काकूनं सुटे पेपर घेतले.

"संच काय, कुणीबी छापतंय," ती म्हणाली होती. "ह्यो खरा पेपर. ह्याच्याम्होरं बसून कुणीतरी घाम गाळलाय."

त्या कागदांवर तशा खुणा होत्याही. काही प्रश्नांपुढे बरोबरची चिन्हं, काहींपुढे फुल्या. एका बीजगणिताच्या पेपरात शेवटच्या प्रश्नाशेजारी कुणीतरी बॉलपेननं नुसतंच 'देवा' असं लिहिलं होतं. काकूला तो पेपर फार आवडायचा. त्या पोराचं पुढं काय झालं असेल, असं ती मधूनच विचारायची.

मी तेव्हा साताऱ्याला कॉलेजात होते आणि वसतिगृहात राहत होते. त्यामुळे या हकिगतीचा पहिला भाग मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. तो घरच्यांकडून तुकड्यातुकड्यानं कळला. पुढचं मात्र समोर घडलं.

काकू मूळची शिराळ्याची. दहावीला ती गणितात गेली, त्यानंतर तिचं लग्न झालं आणि ती माधवनगरला आमच्या घरात आली. माधवनगरात गिरणीचे दिवस तोवर सरले होते. काका एका शेडमध्ये यंत्रमाग चालवायचे. घर एकच होतं, चुली दोन होत्या. पुढच्या खोल्यांत आम्ही, मागच्या खोल्यांत काका, काकू आणि त्यांच्या दोन मुली. थोरली नववीत होती. "पुढच्या वर्षी मी बसणार आहे, त्याच्या आत तू पास हो, नाहीतर आपल्याला एकाच बाकावर बसवतील," असं ती आईला सांगायची.

परीक्षेचं कारण वस्तीतल्या अंगणवाडीत होतं. काकू तिथं मदतनीस होती. मुलांना घरोघरून गोळा करून आणायचं, झाडलोट करायची, खिचडी शिजवायची, वाढायची, ताटं धुवायची आणि मुलांना परत पोचवायचं, हे तिचं काम. सेविका होत्या, त्यांना सगळी वस्ती 'बाई' म्हणायची. बाई त्या वर्षाच्या अखेरीला निवृत्त होणार होत्या. मदतनीस दहावी पास असली तर बाईंची जागा तिला मिळणार होती. नसली तर बाहेरून कुणीतरी येणार होतं.

बाईंनी हे काकूला गोड शब्दांत सांगितलं नव्हतं. "माझ्या खुर्चीवर एखादी नवी पोरगी येऊन बसेल," त्या म्हणाल्या होत्या, "आणि तू तिला कुठलं पोरगं कुणाचं हाय ते सांगत उभी राहशील. तुला चालतंय का बघ."

काकूला ते चाललं नाही. तिनं बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. त्यासाठी जुन्या शाळेचा दाखला हवा होता. तो आणायला काका एकटेच शिराळ्याला गेले आणि सासुरवाडीला न जाता परत आले. काकूनं तशी तंबीच दिली होती. "आईच्या आन् दादाच्या कानावर घालू नगासा. पास झाल्यावर माझी मी सांगते."

अभ्यासाची पद्धत काकूनं स्वतः बसवली, आणि ती शिराळ्याच्या शेतीतून आली होती. तिच्या वडिलांच्या रानाला उपसा योजनेचं पाणी होतं. ते पाळीनं मिळायचं. एका शेतकऱ्याचं रान भिजलं की पाणी पुढच्याच्या रानात जायचं, आणि पहिल्यानं आपली पाळी फिरून येईपर्यंत वाट बघायची. यात कुणाची गय नव्हती. लहानपणापासून हे पाहिलेल्या काकूला प्रश्नपत्रिकांतही तेच दिसलं. जो प्रश्न मागच्या वर्षी येऊन गेला त्याचं रान भिजलं. तो आता लवकर येणार नाही. जो बऱ्याच वर्षांत आलेला नाही त्याची पाळी तुंबलेली आहे, म्हणजे तो येणार.

तिनं सगळे पेपर वर्षांप्रमाणे लावले. नुकत्याच येऊन गेलेल्या प्रश्नावर ओल्या हळदीचं बोट टेकवलं. पाळी तुंबलेल्या प्रश्नावर कुंकू लावलं. हळदीचे प्रश्न सोडायचे, कुंकवाचे करायचे.

काका कामावरून आले तेव्हा ती फरशीवर पेपर पसरून बसली होती.

"अगं, पेपर हाय का लग्नपत्रिका?"

"तुमास्नी काय कळतंय त्यातलं. ज्याला कुंकू लागलंय त्यो येनार."

"येनार म्हंजे? वरात घिऊन का?"

"आवं, जेवून घ्या आन् गप पडा."

मार्चमध्ये परीक्षा झाली. मराठी, इतिहास, विज्ञान या विषयांत ती सुटली. हे विषय तिनं बरेचसे वाचूनच काढले होते, त्यामुळे प्रश्न हळदीचा येवो की कुंकवाचा, काहीतरी लिहिता येत होतं. इंग्रजीही कसंबसं निभावलं. गणितात मात्र गेली. निकाल लागला तेव्हा मी सुट्टीला घरी होते, पण निकाल बघायला काका नेटकॅफेत गेले होते. ते परत आले आणि चप्पल न काढता दारातच उभे राहिले. त्यावरून सगळ्यांना कळलं.

काकूनं रडून वगैरे घेतलं नाही. तिनं भूमितीचा मार्चमधला पेपर आणला आणि वर्तुळाच्या स्पर्शिकेच्या प्रमेयावर बोट ठेवलं. ते आधीच्या वर्षी येऊन गेलं होतं. तिच्या जुन्या पेपरात त्यावर ठसठशीत हळद होती.

"बोर्डानं पाळी मोडली," ती म्हणाली.

"मग जा की पाटकऱ्याकडं तक्रार घिऊन," काका म्हणाले. पाटकरी म्हणजे पाणी सोडणारा माणूस.

"त्याचंच काम हाय ह्ये. कुणाच्यातरी रानात दोनदा सोडलंय त्यानं."

दोघंही हसले. मग काकू उठून मागच्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. थोरली मुलगी आत जाऊन आली आणि म्हणाली, "तांदूळ निवडतीय." दुपारी कुणी तांदूळ निवडत नसे.

जुलैत फेरपरीक्षा होती. एकच विषय उरला होता. बाईंची निवृत्ती वर्षाच्या शेवटी होती, म्हणजे हीच संधी. त्यानंतरच्या मार्चला उपयोग नव्हता.

ते पेपर मी त्या वेळी पहिल्यांदा हातात घेतले. त्यांच्यावर हळद होती, कुंकू होतं, अनोळखी पोरांच्या फुल्या होत्या. काकूची आकडेमोड कुठंच नव्हती. विचारल्यावर कळलं की पाठ्यपुस्तकातली सोडवलेली गणितं ती वाचायची, पोथी वाचावी तशी. वाचताना सगळं कळायचं. प्रत्येक पायरी पटायची. स्वतःच्या हातानं, घड्याळ लावून, एक पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत तिनं कधी सोडवलाच नव्हता. शाळा सुटल्यानंतर गणिताचा पेपर ती सलग सोडवायला बसली ती थेट मार्चच्या परीक्षेतच.

"एक सोडवून बघ," मी म्हटलं. "पूर्ण. मध्ये न उठता."

"हितं? घरात?" तिनं चुलीकडे, मुलींकडे, दाराकडे बघितलं. "हितं मला कोन बसू देतंय दोन तास?"

म्हणून अंगणवाडी ठरली. मुलं दुपारी घरी जायची, त्यानंतर खोली मोकळी असायची. बाईंना विचारलं तर त्यांनी स्वतःच पर्यवेक्षक व्हायचं कबूल केलं. त्यांना घरी जाऊन दुपारी झोपायची सवय होती. ती त्यांनी महिनाभर मोडली.

ती खोली मला अजून जशीच्या तशी आठवते. फरशीवर सतरंजी, एका कोपऱ्यात वजनकाटा, खिडकीत वाळत घातलेली ताटं, शिजलेल्या मुगाच्या डाळीचा वास. भिंतीवर तक्ते होते. काकू मुलांच्या बुटक्या मेजापाशी मांडी घालून बसली. बाईंनी पेपर तिच्यापुढं पालथा ठेवला. मग त्यांचं लक्ष भिंतीकडं गेलं.

"एक ते शंभर लिवलंय तिकडं. कॉपी म्हनून धरू का?"

"बाई, पाढंबी हायती तिकडं. झाकून टाका."

"झाकते काय. तुझं तोंडच तिकडनं फिरीव."

पहिला पेपर बीजगणिताचा होता. अर्ध्या तासात दारात एका मुलाची आई आली. तिच्या लेकराच्या खाऊचं पाकीट न्यायचं राहिलं होतं. काकू सवयीनं उठायला लागली.

"बस खाली," बाई म्हणाल्या.

"आवं पर ती…"

"परीक्षेत दारात बाळंतीन आली तरी उठायचं न्हाई. मी देते पाकीट."

वेळ संपली तेव्हा काकूच्या कागदावर एक गणित होतं. वर्गसमीकरणाचं. ते तिनं लिहिलं होतं, खोडलं होतं, पुन्हा लिहिलं होतं, पुन्हा खोडलं होतं. त्याआधीचे चार-सहा किरकोळ प्रश्न झाले होते. पुढचा निम्मा पेपर कोरा होता. बाईंनी तपासायला घेतला आणि लगेच खाली ठेवला.

मी तिला कोऱ्या राहिलेल्या भागातलं एक गणित विचारलं. अंकगणिती श्रेढीचं होतं. तिनं तोंडीच सांगितलं, बरोबर सांगितलं. दुसरं विचारलं, तेही येत होतं.

"मग लिहिलं का नाहीस?"

"तिथवर पोचलेच न्हाई की."

"ते अडलेलं सोडून पुढं जायचं."

काकूच्या चेहऱ्यावर हे पटल्याचं कुठंच दिसेना. "अर्धं टाकून कसं जायाचं?" ती म्हणाली. "आमच्याकडं ताटात टाकून उठायचं न्हाई. वाढलंय त्ये संपवायचं, मग दुसरं घ्यायचं. ल्हानपनी आय हातावर मारायची."

 ती गंमत करत नव्हती. ज्या घरात अन्न मोजून शिजायचं त्या घरातली ती शिस्त होती. ती शिस्त घेऊनच ती मार्चमध्ये परीक्षेला बसली होती. हळदीकुंकवाचा हिशेब चुकला म्हणून ती नापास झाली असं सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात तो पेपर कुठलाही आला असता तरी ती पहिल्या अवघड प्रश्नापाशीच अडून बसली असती.

उत्तर बाईंनी दिलं. त्या खिडकीतली वाळलेली ताटं एकावर एक ठेवत होत्या.

"काय गं, तू रोज पोरांस्नी खिचडी वाढतीस न्हवं?"

"व्हय."

"पंगत बसली की पहिल्याच पोराच्या ताटात सगळं पातेलं वततीस का?"

"आवं, असं कसं? आदी समद्यास्नी एकेक पळी. मग ज्याला पायजे त्याला दुसरी."

"आन् एखादं रडतंय, खात न्हाई, तोंडच उघडत न्हाई?"

"त्याला राहू द्यायाचं. बाकीच्यांचं उरकलं की त्याच्यापाशी बसायचं."

बाईंनी ताटांची चळत मेजावर ठेवली. "मग पेपरात काय धाड भरलीय तुला? हितं तू जेवनारी न्हवंस, वाढनारी हायस."

काकूनं पेपर पुन्हा उलटा-सुलटा करून पाहिला. मग एकेका प्रश्नावर बोट ठेवत शेवटपर्यंत गेली. "ह्ये खातंय," ती म्हणाली. "ह्येबी खातंय. ह्ये रडतंय." शेवटी म्हणाली, "रडनारी तीनच हायती की गं."

त्या दिवसापासून अंगणवाडीत पेपर म्हणजे पंगत झाली. पहिल्या फेरीत येणारं तेवढं लिहायचं. दुसऱ्या फेरीत ज्यांना थोडा वेळ द्यावा लागेल ते. रडणारी सगळ्यांत शेवटी. आठवड्यात दोन पेपर होऊ लागले, एक बीजगणिताचा, एक भूमितीचा. मी सुट्टी संपून साताऱ्याला गेले तरी शनिवारी एसटीनं येत होते. बाकीचे दिवस बाई एकट्या सांभाळत होत्या. त्यांचं गणित जुनं होतं, म्हणून उत्तरं जुळवायला त्यांनी रद्दीच्या त्याच दुकानातून एक जाड संच आणला. काकूनं त्याला हात लावायचा नाही, अशी अट होती.

तपासताना बाई कडक होत्या. उत्तर चुकलं की सबंध गणितावर फुली.

"बाई, बोर्ड पायरीला मार्क देतं," मी त्यांना सांगितलं. "उत्तर चुकलं तरी सूत्र आणि पुढच्या पायऱ्या बरोबर असतील तर काही गुण मिळतात."

बाई थबकल्या. मग काकूकडं वळल्या. "आन् तू समदं डोक्यात करतीस आन् नुस्तं उत्तर लिवतीस. अगं, देत्यात त्ये तरी घे की पदरात."

पायरीला गुण असतात हे तोवर बाईंना आणि काकूला माहीत नव्हतं. काकू हिशेबाची पक्की होती. मुलांची संख्या आणि डाळ-तांदळाचं प्रमाण ती कागदाशिवाय जुळवायची. पायऱ्या लिहिणं तिला पोरकट वाटत होतं. त्या आठवड्यात तिनं पायऱ्या लिहायला सुरुवात केली, आणि तिच्या चुका पहिल्यांदा नजरेला आल्या. त्या सगळ्या मिळून थोड्याच होत्या आणि त्याच त्या होत्या. समीकरणात एखादं पद बरोबरच्या चिन्हापलीकडं नेलं की ती अधिकाचं उणे करायला विसरायची. भूमितीच्या रचनेत कंपास ताणून धरायची नाही, मग कंस निसटायचा. त्रिकोण समरूप दाखवताना कारण लिहायची नाही. "दिसतंय की डोळ्यानं, कारन कशापायी?" असं तिचं म्हणणं.

बाईंनी फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं, 'बाजू बदलली की चिन्ह बदल.' ते पुसायचं नाही असंही सांगितलं. सकाळी मुलं आली की ती अक्षरं बघायची. वाचता कुणालाच येत नव्हतं. पण बाई काकूकडून ते दिवसातून दोनदा म्हणून घ्यायच्या, आणि मुलांना वाटलं ही नवी बडबडगीताची ओळ आहे. काही दिवसांत सगळी अंगणवाडी एका सुरात 'बाजू बदलली की चिन्ह बदल' म्हणू लागली. एका मुलाची आजी विचारायला आली की हे कसलं गाणं शिकवता, पोरगं झोपताना कुशीवर वळलं तरी म्हणतंय.

एक वाद मात्र रंगला. झालेला पेपर मी आठवड्यानं पुन्हा पुढं ठेवला तेव्हा काकू चिडली.

"ह्यो तर झाला की."

"झाला. पण त्यात तू पास झाली होतीस का?"

"न्हाई."

"मग?"

"शिळं वाढतीयास मला," ती पुटपुटली आणि बसली. पुन्हा सोडवताना तिनं आधीच्या दोन चुका टाळल्या आणि एक पुन्हा केली. ती चूक पाहून ती स्वतःवरच इतकी संतापली की पेन्सिलीचं टोक मोडलं. तिसऱ्यांदा तो पेपर तिनं न सांगता मागून घेतला.

हळूहळू तिच्या लक्षात आलं, आणि तिनंच ते एका संध्याकाळी काकांना सांगितलं, की प्रश्न दरवर्षी येतात ते थोड्याच घराण्यांतले असतात. आकडे बदलतात, शेतकऱ्याच्या जागी व्यापारी येतो, आगगाडीच्या जागी बोट येते, पण घराणं तेच. "पाळी कुनाची हाय ते बघायाचंच न्हाई," ती म्हणाली. "समद्यांचीच वळख ठिवायची."

काका म्हणाले, "म्हंजे सोयरीकच झाली की. कुंकू वाया न्हाई गेलं."

जुलैच्या सुमारास कृष्णेचं पाणी चढायला लागलं आणि पंचमी जवळ आली. शिराळ्याच्या मुलीला नागपंचमीला माहेरी न जाणं जड जातं. एरवी काकू त्या दिवशी शिराळ्यात नाही असं कधी झालं नव्हतं. पण भूमितीचा पेपर पंचमीला खेटून होता. तिच्या भावाचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते.

"औंदा कवा येतीस?"

"औंदा न्हाई जमायचं रं दादा. अंगनवाडीत काम लय हाय."

"पंचमीला कसलं काम? सुट्टी न्हाई व्हय?"

"हाय. पर काम हाय."

"दाजी काय बोललं का? भांडान झालंय का?"

"आरं न्हाई रं! त्यास्नी कशाला मधी आनतोस? काम हाय म्हंजे काम हाय."

पलीकडून आई काहीतरी विचारत होती, ते ऐकू येत होतं. काकूनं फोन ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं. मग भूमितीचा पेपर ओढून घेतला आणि वर्तुळ काढलं. त्या दिवशी कंपास निसटला नाही.

परीक्षेचं केंद्र सांगलीत होतं. काकांनी तिला दोन्ही दिवस गाडीवरून सोडलं आणि शेडमध्ये सुट्टी टाकून फाटकाबाहेर थांबले. दुसऱ्या पेपराला मीही होते. बाहेर आईबापांची गर्दी होती. आत गेलेल्यांत बहुतेक सगळी सोळा-सतराची पोरं. त्यांच्यात काकूची जांभळी साडी लांबूनही ओळखू येत होती. पेपर सुटल्यावर ती सावकाश चालत आली. तिच्या उजव्या हाताच्या बोटाला पेन्सिलीचं काळं शिसं लागलं होतं.

"कुंकवाचं आलं का?" काकांनी विचारलं.

"बघितलंच न्हाई."

"सोपा हुता?"

"दोन रडत हुती. एक गप केलं. एक तसंच राहिलं." ती गाडीवर मागं बसली. "चला. भूक लागलीय."

निकाल लागला तेव्हा मी साताऱ्यात होते. घरी कुणाच्या मोबाइलवर तेव्हा इंटरनेट नव्हतं आणि काका पुन्हा त्या नेटकॅफेत जायला तयार नव्हते. म्हणून काकूनं मला फोन केला आणि बैठक क्रमांक सांगितला. मी मैत्रिणीच्या लॅपटॉपवर बोर्डाचं पान उघडलं. तिथं बैठक क्रमांकाखाली आणखी एक रिकामा रकाना होता. आईचं नाव.

"काकू, आईचं नाव सांग."

"कुनाच्या?"

"तुझ्या."

ती घुटमळली. आमच्या घरात तिच्या आईला सगळे शिराळ्याची आजी म्हणत. काका मामी म्हणत. इतक्या वर्षांत ते नाव मी ऐकलंच नव्हतं, आणि काकूनं ते किती दिवसांत उच्चारलं नसेल कोण जाणे. शाळेत हजेरी द्यावी तशी ती मोठ्यानं बोलली. मी ते टाइप केलं.

"पास."

"परत बघ."

"पास आहेस, काकू."

"गनितात?"

"गणितातच. दुसरा विषयच नव्हता."

फोन काकांकडे गेला. मला वाटलं काहीतरी टोमणा येणार. ते नुसतं "बरं" म्हणाले, आणि थोड्या वेळानं पुन्हा "बरं" म्हणाले.

जागेचा आदेश पुढं काही महिन्यांनी आला. बाई निवृत्त झाल्या आणि काकू सेविका झाली. आजही आहे. नव्या मदतनीसला तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "किती शिकलीस?" उत्तर ऐकून रद्दीच्या दुकानाचा पत्ता दिला.

पण आदेशाच्या आधी, निकालानंतरच्या रविवारी, आम्ही पेढे घेऊन शिराळ्याला गेलो. काका, काकू, दोघी मुली आणि मी. पंचमीला न आलेली लेक अचानक दारात बघून आजी घाबरली. काहीतरी वाईट झालंय असंच तिला वाटलं. काकूनं वाकून नमस्कार केला आणि पेढ्यांचा बॉक्स पुढं केला.

"आये, मी पास झाले."

"कशात?"

"धाव्वीत."

आजीनं बॉक्स घेतला नाही. तिनं आधी उघड्या दाराकडं पाहिलं. समोरच्या ओट्यावर दोन शेजारणी बसल्या होत्या.

"हळू बोल की," ती म्हणाली. "दादा, दार लोट."

भावानं दार लोटलं. काकूला काही कळेना.

"अगं, काय झालं?"

"काय हुतंय? समद्या गल्लीला मी तवाच सांगितलंय, पोरगी पास झाली म्हनून. पेढं वाटल्यात तवा." आजी खाली बसली. "आता परत कसं वाटू?"

काका भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. काकू आईकडं बघत राहिली. इतकी वर्षं ती पंचमीला याच गल्लीतून यायची, याच शेजारणींशी बोलायची, आणि त्या सगळ्या तिला दहावी पास समजत होत्या.

"मामी," काका हसू आवरत म्हणाले, "मग बारावी झाली म्हना की आता."

आजीनं त्यावर खरोखरच थोडा विचार केला. मग मान हलवली. बॉक्स उघडला, एक पेढा काकूच्या तोंडात घातला, एक स्वतः घेतला. दार लोटलेल्या खोलीत आम्ही सगळ्यांनी उभ्याउभ्याच पेढे खाल्ले.

"गनितात किती पडलं?" आजीनं विचारलं.

"एकोनचाळीस."

"मी साठ सांगितल्यात," आजी म्हणाली.